ज्यांच्या नावाने आपली पदवी आहे : स्वामी रामानंद तीर्थ

आपल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेल्या आणि पुढे लातूर, उदगीर, निलंगा, नांदेड अशा गावी कॉलेजात शिकलेल्या, गेल्या तीसेक वर्षांतल्या बहुतेकांच्या घरी एक पदवीपत्र असते. कुणी ते फ्रेम करून भिंतीवर लावले आहे, कुणी ट्रंकेत जपून ठेवले आहे. त्या कागदावर सर्वांत वर नाव असते ते स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे. हे नाव आपण नोकरीच्या अर्जात शेकडो वेळा लिहितो. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या वेळी गुरुजी त्यांचा उल्लेख करतात. त्यापलीकडे स्वामीजींची ओळख आपल्याला फारशी नसते.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून स्वामीजींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात त्यांचे चरित्र थोड्या वेगळ्या बाजूने सांगायचे आहे. ज्यांच्या नावाने आज हजारो मुलामुलींना पदव्या मिळतात, त्या स्वामीजींची स्वतःची पदवी मात्र कोणत्याही सरकारने न मानलेल्या संस्थेची होती. पदवी देण्याचा अधिकार कोणाला असतो, तो कोण देतो आणि कशाच्या जोरावर देतो, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात वेगवेगळ्या रूपांत आला. विद्यार्थी म्हणून, शिक्षक म्हणून, चळवळीचे नेते म्हणून, संस्थाचालक म्हणून आणि शेवटी खासदार म्हणून ते या प्रश्नाच्या जवळून गेले.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या शाळेने आपल्याला शिकवले, पण दहावीचे प्रमाणपत्र शाळेने दिलेले नाही. शाळा देते ती टी.सी. प्रमाणपत्र देते बोर्ड, आणि बोर्डाला तो अधिकार राज्याच्या १९६५ च्या कायद्याने मिळाला आहे. कॉलेजचेही तसेच आहे. शिकवते कॉलेज, पदवी देते विद्यापीठ, आणि विद्यापीठाला तो अधिकार विधिमंडळाचा किंवा संसदेचा कायदा देतो. मोठी इमारत, नावाजलेले प्राध्यापक, भरपूर पैसा यांपैकी कशानेही तो आपोआप येत नाही.

सरकारमान्यता नसलेली पदवी

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी येथे झाला. घरची परिस्थिती साधारण होती. ते शिकत असतानाच १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्या घटनेचा या सोळा वर्षांच्या मुलावर खोल परिणाम झाला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशाची सेवा करायची, असा निश्चय त्यांनी त्या काळात केला. पुढे गांधीजींच्या असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारमान्य शिक्षण सोडले आणि राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली. ती वाट त्यांना पुण्याच्या टिळक महाविद्यालयापर्यंत घेऊन गेली.

त्या वेळी इंग्रजी मुलखात पदवी कोण देत असे? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, ती तीन स्वतंत्र कायद्यांनी. मुंबईचा कायदा त्या वर्षीचा बाविसावा. कायदा किती काटेकोर होता ते एका गोष्टीवरून कळते. कोणकोणत्या पदव्या द्यायच्या त्यांची नावे या कायद्यांतच लिहिलेली होती. पुढे नव्या पदव्या देण्याची गरज पडली तेव्हा विद्यापीठांना आपल्या मनाने त्या देता येईनात. त्यासाठी १८६० साली आणखी एक कायदा करावा लागला. विद्यापीठाकडे विद्वानांची उणीव नव्हती. जे अधिकार कायद्यात लिहिलेले नाहीत ते विद्यापीठाला नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होता.

टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ साली सुरू झाले ते या सगळ्याच्या बाहेर. त्याच्यामागे कायदा नव्हता आणि तो मागायचाही नव्हता, कारण तो मागायचा तर परक्या सरकारकडेच मागावा लागला असता. अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ आणि काशीचे काशी विद्यापीठ हीही त्याच लाटेतली. लालबहादूर शास्त्रींच्या नावातले शास्त्री हे त्यांचे आडनाव नव्हते, ती काशी विद्यापीठाची पदवी होती, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ तर त्याही आधी, १९१६ साली, अशाच प्रकारे सुरू झाले होते. त्याला कायदेशीर मान्यता मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. मधल्या पस्तीस वर्षांत तिथे शिकलेल्या मुलींनी सरकारी शिक्क्याची हमी नसताना पदव्या घेतल्या.

टिळक विद्यापीठाची पदवी घेणे म्हणजे सरकारी नोकरीचा दरवाजा आपल्या हाताने बंद करणे होते. वकिलीची सनद किंवा सरकारी शाळेतली मास्तरकी अशा मार्गांवर ती पदवी पुढे करून काही साधत नसे. व्यंकटेश खेडगीकरांनी हे जाणून ती वाट निवडली. पदवीचा उपयोग पोटासाठी करायचा नाही, असे ठरवलेल्या माणसालाच ते परवडणारे होते. साधारण शेतकऱ्याच्या मुलाला ते परवडले नसते, आणि हीच अडचण पुढे स्वामीजींना संस्थाचालक म्हणून सोडवावी लागली.

हिप्परग्याची शाळा

शिक्षण संपल्यावर त्यांनी कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. गंभीर आजाराने ते काम थांबले. त्यानंतर ते निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातल्या हिप्परगा या गावी आले आणि तिथल्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक झाले. याच काळात, वयाची तिशी पूर्ण होण्याआधीच, त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे घातली तरी त्यांनी शाळा सोडली नाही. पुढे बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर अंबाजोगाईला योगेश्वरीच्या शाळेतही त्यांनी काम केले. मराठवाड्यातल्या मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते या दोन शाळांतून तयार झाले.

तेव्हाचे आपले शिरूर अनंतपाळ निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. निलंगा तालुका, जिल्हा बिदर. शेजारच्या मुंबई इलाख्यात किंवा मध्य प्रांतात असलेल्या मराठी मुलाला मुंबई किंवा नागपूर विद्यापीठाची दारे जवळची होती. आपल्याकडच्या मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर त्याची दिशा हैदराबाद होती, आणि हैदराबादेत पदवी देणारे विद्यापीठ एकच होते. ते उस्मानिया.

फर्मानाची पदवी

उस्मानिया विद्यापीठाचा जन्म निजामाच्या हुकुमाने झाला. सर अकबर हैदरी यांनी विनंतीअर्ज सादर केला आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली फर्मान काढले. पुढच्या वर्षी राजसनदेने विद्यापीठ रीतसर अस्तित्वात आले. तिथे विधिमंडळात चर्चा नव्हती, मतदान नव्हते. संस्थानात राजाचा शब्द हाच कायदा होता, म्हणून पदवी देण्याचा अधिकारही राजाच्या शब्दातून निघाला. म्हैसूरच्या महाराजांच्या राज्यातले विद्यापीठ १९१६ सालचे. तेही संस्थानाच्याच सत्तेतून निर्माण झाले होते.

उस्मानियाबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. त्या काळी सगळ्या हिंदुस्थानात वरचे शिक्षण इंग्रजीतून चालत असताना या विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक आणि कायदा शिकवण्याचे धाडस केले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले आणि शेकडो पुस्तके उर्दूत आणली. हे काम मोठे होते. पण ती भाषा उर्दू होती. संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. घरात मराठी बोलणाऱ्या, शेतात मराठीत राबणाऱ्या मुलाला पदवीपर्यंत पोहोचायचे तर आधी परकी भाषा ओलांडून जावे लागे. ज्या सत्तेकडे अधिकार होता तिच्यापुढे लोकांचे म्हणणे मांडायला जागा नव्हती, त्यामुळे हे बदलण्याचा सनदशीर रस्ताही नव्हता.

स्वामीजी या टप्प्यावर राजकारणात उतरले. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि १९३८ साली लातूरला दुसरे. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होत असतानाच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले.

त्याच हिवाळ्यात विद्यार्थ्यांचे वंदे मातरम् आंदोलन झाले. औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुले मागे हटली नाहीत, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले. ज्या राज्यात विद्यापीठ एकच आणि तेही राजाच्या हुकुमावर चालणारे, तिथे काढून टाकणे म्हणजे पदवीची वाटच बंद करणे होते.

ही मुले वाचली ती नागपूरमुळे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली मध्य प्रांताच्या कायद्याने स्थापन झालेले होते. निजामाच्या हुकुमाचा त्याच्याशी संबंध नव्हता. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात या विद्यापीठाने हैदराबादच्या निष्कासित विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. नागपुरात त्यांनी कायद्याची पदवी घेतली, आणि नंतरच्या लढ्यात ते स्वामीजींचे निष्ठावान सहकारी झाले.

विद्यापीठ कोणाच्या सत्तेतून निर्माण झाले, याला एवढे महत्त्व का द्यायचे, ते या प्रसंगावरून समजते. एका विद्यापीठाने दार लावले तर दुसरे उघडता आले, कारण दोघांची सत्ता वेगळी होती.

फर्मान गेले, कायदा आला

१९४६ साली स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला, पण निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. ७ ऑगस्टला सामिलीकरण दिन पाळण्यात आला. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवला म्हणून स्वामीजींना अटक झाली. मध्ये काही काळ सुटका झाली, पुन्हा अटक झाली, आणि ते खऱ्या अर्थाने बाहेर आले ते पोलीस कारवाईनंतर, १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला तेव्हा. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या छळाने आपल्या भागातली गावेच्या गावे होरपळली. त्याच्या आठवणी आपल्या पंचक्रोशीतल्या जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात.

निजामाची सत्ता गेली, पण त्याच्या फर्मानाने झालेले विद्यापीठ बंद करून चालणार नव्हते. हजारो विद्यार्थी तिथे शिकत होते. त्यांच्या पदव्या पोकळ ठरू नयेत म्हणून विद्यापीठ चालू राहिले. उर्दू माध्यमाची जागा इंग्रजीने घेतली, आणि पुढे १९५९ साली आंध्र प्रदेश विधिमंडळाच्या कायद्याने उस्मानियाची घडी नव्याने बसवण्यात आली. विद्यापीठ तेच राहिले. त्याचा अधिकार मात्र राजाच्या शब्दावरून लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या कायद्यावर आला.

नांदेडचे पीपल्स कॉलेज

मुक्तीनंतर स्वामीजींना सत्तेतले मोठे पद घेणे कठीण नव्हते. पण ते मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत. १९५० साली त्यांच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. नाव इंग्रजी असले तरी अर्थ सरळ आहे. हे लोकांचे कॉलेज. त्याच साली औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झालेले कॉलेज सुरू झाले. एकाच वर्षी मराठवाड्याच्या दोन टोकांना सुरू झालेल्या या दोन कॉलेजांनी किती घरांतली पहिली पदवीधर पिढी घडवली याची मोजदाद अवघड आहे. नरहर कुरुंदकरांसारखे विचारवंत पीपल्स कॉलेजात शिकवत होते आणि पुढे तिथले प्राचार्य झाले.

तरुणपणी स्वामीजींनी ज्या पदवीचा आग्रह सोडला होता, तिचाच विचार आता संस्थाचालक म्हणून त्यांना करावा लागला. स्वतःपुरती सरकारी मान्यता नाकारणे हा त्याग होता. पण नांदेड, बिलोली, देगलूर, अहमदपूरच्या खेड्यांतून आलेल्या मुलाला मान्यता नसलेली पदवी देणे हा त्याच्यावर अन्याय झाला असता. त्या मुलाला शिक्षक व्हायचे होते, वकील व्हायचे होते, तहसील कचेरीत नोकरी करायची होती. बापाने जमीन गहाण ठेवून शिकवलेल्या मुलाचा कागद कुठेही चालला पाहिजे होता. आणि आता सरकार परके नव्हते.

म्हणून पीपल्स कॉलेज सुरुवातीला उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न झाले. संलग्न होणे म्हणजे काय? कॉलेजने वर्ग घ्यायचे, अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवायचा, परीक्षा विद्यापीठाने घ्यायची आणि पदवीही त्यानेच द्यायची. संस्थेने कितीही चांगले शिकवले तरी पदवीवर सही विद्यापीठाचीच. निजामाचा अंमल ज्यांनी उलथवला त्यांच्या कॉलेजातल्या मुलांना काही वर्षे निजामाच्याच नावाच्या विद्यापीठाची पदवी घ्यावी लागली. ती वैध होती, म्हणूनच घ्यावी लागली.

लोकसभेतले स्वामीजी आणि १९५६ चा कायदा

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९५७ साली ते औरंगाबादमधून निवडून आले. पहिल्या लोकसभेच्याच काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचा १९५६ चा कायदा झाला. त्यातले बाविसावे कलम या विषयाचा गाभा आहे. पदवी देण्याचा हक्क कोणाला, ते त्यात मोजक्या शब्दांत सांगितले आहे. केंद्राच्या, जुन्या प्रांताच्या किंवा राज्याच्या कायद्याने किंवा कायद्याखाली स्थापन झालेले विद्यापीठ, केंद्र सरकारने अभिमत म्हणून जाहीर केलेली संस्था, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनीच पदवी द्यायची. इतरांनी द्यायची नाही. तेविसाव्या कलमाने विद्यापीठ हे इंग्रजी नाव लावण्यावरही बंधन घातले. नियम मोडणाऱ्याला मूळ कायद्यात दंड होता तो फक्त एक हजार रुपयांपर्यंतचा.

ज्या सभागृहात हा कायदा झाला त्या सभागृहाच्या एका सभासदाची स्वतःची पदवी या कसोटीला उतरणारी नव्हती. टिळक विद्यापीठाकडे तेव्हा ना कायदा होता ना अभिमत दर्जा. तो दर्जा त्याला १९८७ साली मिळाला, स्वामीजींच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी. यात विसंगती दिसते, पण काळाचा फरक लक्षात घेतला की ती राहत नाही. परक्या सत्तेच्या कायद्याला नकार देणे आणि आपल्या लोकांनी केलेल्या कायद्याचे बंधन मानणे, या दोन्ही गोष्टी स्वामीजींच्या आयुष्यात एकाच तत्त्वातून आल्या. सत्ता लोकांची असली पाहिजे, हे ते तत्त्व.

आपल्या राज्यघटनेने या कामाची वाटणी करून ठेवली आहे. विद्यापीठ स्थापन करण्याचा अधिकार राज्यांच्या सूचीत आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे आणि त्यात मेळ राखण्याचे काम केंद्राच्या सूचीत आहे. त्यामुळे नांदेडचे विद्यापीठ मुंबईतल्या विधिमंडळाच्या कायद्याने होते आणि दर्जाचे नियम दिल्लीहून येतात.

हैदराबादहून औरंगाबाद, औरंगाबादहून नांदेड

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. भाषेच्या आधारावर ही विभागणी व्हावी, असा स्वामीजींचा आग्रह होता. मराठवाडा मुंबई राज्यात आला. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके त्याच वेळी मराठी मुलखात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. आपले गाव त्यातच होते.

राज्य बदलले की विद्यापीठाचा प्रश्न उभा राहतो, कारण राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीत चालतो. मराठवाड्यातली कॉलेजे आता दुसऱ्या राज्यातल्या उस्मानियाशी किती दिवस जोडलेली राहणार? मुंबई राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. उद्घाटन पंतप्रधान पंडित नेहरूंनी केले. पहिले कुलगुरू होते सुंदरराव डोंगरकेरी. स्वामीजी त्या वेळी औरंगाबादचेच खासदार होते. पीपल्स कॉलेज, मिलिंद आणि मराठवाड्यातली इतर कॉलेजे या विद्यापीठाकडे आली. आपल्या भागातल्या मुलांच्या पदवीवर पहिल्यांदा मराठवाडा हे नाव आले.

१९६० नंतर स्वामीजी हळूहळू राजकारणापासून दूर झाले. १९६७ साली त्यांचे हैदराबाद स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. मागे इस्टेट नव्हती, वारस नव्हता. होत्या त्या शाळा, कॉलेजे आणि कार्यकर्ते.

पुढे कॉलेजे वाढली आणि एका विद्यापीठाला सगळा मराठवाडा सांभाळणे जड जाऊ लागले. किनवटच्या किंवा देगलूरच्या मुलाला एका दाखल्यासाठी औरंगाबादची वारी करावी लागे. त्यात दोन दिवस आणि एसटीचे भाडे जाई. १९९४ साली महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम आला. त्या कायद्याखाली मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला नवे विद्यापीठ झाले. दिवस ठरला १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस, आणि नाव दिले स्वामीजींचे. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. १९९९ साली परभणीतून हिंगोली वेगळा झाला, त्यामुळे आता जिल्हे चार आहेत. त्याच वर्षी आपले शिरूर अनंतपाळ तालुक्याचे गाव झाले. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे होते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून ते आपल्याला आधीपासूनच परिचित होते. आज हे विद्यापीठ २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखाली चालते. राज्यपाल कुलपती असतात. कोणते जिल्हे कोणत्या विद्यापीठाकडे, हेही कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले असते.

आपल्या गावातल्या एखाद्या घराकडे पाहा. आजोबा शिकले असतील तर त्यांची पदवी उस्मानियाची. वडिलांची मराठवाडा विद्यापीठाची. नातवाची नांदेडची. घर तेच, वाडा तोच, शिवार तेच. मधल्या काळात जिल्हा बिदर होता, मग उस्मानाबाद झाला आणि १९८२ पासून लातूर झाला. प्रत्येक वेळी सत्ता बदलली, कायदा बदलला आणि त्याबरोबर पदवी देणारा हातही बदलला. हैदराबादेतल्या एका माणसाच्या इच्छेवर असलेली ही गोष्ट आपण निवडून दिलेल्या आमदारांच्या सभागृहात आली, हा फरक स्वामीजी आणि त्यांच्या सोबत्यांनी भोगलेल्या तुरुंगवासातून आला.

आजच्या पिढीसाठी

हा इतिहास आजही उपयोगी आहे. आपल्या मुलांच्या मोबाईलवर रोज नव्या कोर्सच्या जाहिराती येतात. काही संस्था नावात विद्यापीठ लावतात, घरबसल्या पदवी देऊ म्हणतात, फी भरून घेतात. अशा वेळी इमारत, फोटो किंवा फी विचारण्याआधी एकच प्रश्न विचारायचा. ही पदवी कोणत्या कायद्याखाली दिली जाते? राज्याचा कायदा, केंद्राचा कायदा किंवा अभिमत दर्जाची अधिसूचना यांपैकी काहीही दाखवता येत नसेल तर तिथे पैसे भरू नयेत. अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादीही वेळोवेळी जाहीर करतो. ती पाहायला दोन मिनिटे लागतात.

कायदा आहे एवढ्यानेही नेहमी भागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. छत्तीसगडने २००२ साली असा कायदा केला की नुसत्या अधिसूचनेने खासगी विद्यापीठे स्थापन करता येतील. बघता बघता शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर निघाली. कित्येकांचा पत्ता म्हणजे एखादी खोली. प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली न्यायालयाने त्या कायद्याच्या संबंधित तरतुदी रद्द केल्या. त्याबरोबर ती विद्यापीठेही गेली. तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांची सोय लावण्यासाठी न्यायालयाला वेगळे निर्देश द्यावे लागले.

स्वामीजींच्या आयुष्याकडे या दोन्ही बाजूंनी पाहता येते. ते जिथे शिकले तिथे कायदा नव्हता, पण शिक्षण खरे होते. त्या शिक्षणाने त्यांना आयुष्यभर पुरले. छत्तीसगडच्या त्या विद्यापीठांकडे कायदा होता, शिक्षण नव्हते. आपल्याला दोन्ही हवे आहे, आणि स्वामीजींनी आपल्या भागासाठी दोन्हीची सोय लागावी म्हणून आयुष्य घालवले. कायद्याची बाजू विधिमंडळाने सांभाळली. पदवीच्या कागदाला शिक्षणाचे वजन देणे हे मात्र कॉलेजांचे, शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम आहे. परीक्षेत कॉपी चालू देणाऱ्या प्रत्येक केंद्रावर ते वजन कमी होते, हे आपण सगळे जाणतो.

या स्नेहमेळाव्याला आलेल्यांपैकी कितीतरी जण आज शिक्षक, प्राध्यापक, मुख्याध्यापक आहेत. त्यांना एक विनंती. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर मुलांना रझाकारांच्या गोष्टींबरोबर ही गोष्टही सांगावी. पुढे तुमच्या पदवीवर ज्यांचे नाव असणार आहे त्या माणसाने सरकारमान्य पदवी नाकारली होती, आणि तुम्हाला ती सन्मानाने, आपल्या जिल्ह्याजवळ आणि आपल्याच लोकांच्या कायद्याने मिळावी म्हणून तो तुरुंगात गेला होता. सांगायला पाच मिनिटे पुरतील.